झेपत नाही, असे ठरवले कोणी?

महाविद्यालयात मराठीच्या तासाला चिकित्सेचे लोढणे मुलांच्या गळ्यात कशाला बांधता, असा सवाल मराठवाड्यातल्या आमच्या शहरात हल्ली पुन्हा ऐकू येऊ लागला आहे. सवाल करणारे गृहस्थ शिकलेले आहेत, बोलायला गोड आहेत. व्यासपीठावरून बोलले तर टाळ्या घेतात आणि गुलमंडीच्या चौकात चहा घेता घेता बोलले तर आजूबाजूच्या चार माना डोलतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ही मुले कन्नड, सिल्लोड, वैजापूरकडून एसटीने येतात, घरात शिकणारी पहिलीच पिढी, त्यांना धड वाचता आले तरी पुष्कळ, विश्लेषण त्यांना झेपत नाही. शिवाय कविता सोलली की तिचा रस जातो. शिवाय ही सगळी पाश्चात्त्य खुळे. शिवाय मुलाखतीला रसग्रहण कोणी विचारत नाही. आणि आता तर मोबाईलच सारांश काढून देतो. तेव्हा मुलांच्या हाती नेमक्या नोट्स द्या, त्यांना पास करा, कौशल्याचे चार अभ्यासक्रम वाढवा आणि मोकळे व्हा.

मोबाईलचा मुद्दा एका वाक्याचा आहे. सारांश म्हणजे दुसऱ्याने केलेले वाचन, आणि ते बरोबर आहे की नाही हे तपासायला स्वतःला वाचता यावे लागते. कौशल्यांच्या नावाने २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा दाखला दिला जातो. त्या धोरणात चिकित्सक विचारावर जागोजाग भर आहे. दाखला देणाऱ्यांनी ते एकदा उघडून पाहावे.

पाश्चात्त्य खुळाचे उत्तर गुलमंडीपासून पायी थोड्याच अंतरावर उभे आहे. पैठण गेटातून निघणारा रस्ता ज्या गावाला जातो, त्या गावात शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या समोर ठेवून पाठशुद्धी केली. नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ शोधले, कोणता पाठ खरा असावा याचा निवाडा केला आणि पुढच्यांनी त्यात आपली भर घालू नये असे बजावले. त्याआधी सुमारे तीनशे वर्षे महानुभाव पंथीयांनी लीळाचरित्रात एकच प्रसंग कोणी कसा सांगितला, याची वेगवेगळी कथने नोंदवून ठेवली आणि पुढे पंथाच्या सूत्रपाठावर भाष्यांच्या राशी घातल्या. मजकुरासमोर बसून 'हे असेच का, वेगळे का नाही' असे विचारण्याची सवय मराठीला कोणत्याही बोटीतून आलेली नाही.

आता 'झेपत नाही' याकडे वळू. बाकीचे सगळे आक्षेप या एका समजुतीच्या आडोशाला उभे आहेत आणि खरी चीड यावी अशी गोष्ट हीच आहे.

इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्स या प्राध्यापकाने १९२० नंतरच्या दशकात एक प्रयोग केला. कवीचे नाव काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांना द्यायच्या आणि वाचून जे वाटेल ते लिहून मागायचे. अशा १३ कवितांवरचे लिखाण त्याने १९२९ च्या पुस्तकात तपासले. निकाल धक्कादायक होता. देशातल्या उत्तमोत्तम शाळांतून आलेली ती मुले. पण अनेकांना कवितेचा साधा सरळ अर्थही लागला नव्हता. डन आणि हॉपकिन्स यांच्यासारख्या थोर कवींच्या रचना कित्येकांनी बाजूला टाकल्या आणि सामान्य ओळींवर माना डोलावल्या. नाव दिसले नाही म्हणताच मत डळमळले. म्हणजे न झेपणे हा खेड्याचा दोष नाही, पहिल्या पिढीचाही नाही. वाचायला शिकवलेच नाही तर ते कोणालाच येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्या प्रयोगानंतर केंब्रिजने मुलांना 'नेमक्या नोट्स' वाटल्या नाहीत. निनावी उताऱ्याचे बारकाईने वाचन पुढे तिथल्या इंग्रजीच्या अभ्यासाचा कणा झाले.

या रिचर्ड्सच्या कलाविचारावर मराठीत आख्खे पुस्तक लिहिले ते कोणी? नरहर कुरुंदकरांनी. नांदापूरसारख्या गावात जन्मलेला, इंटरच्या परीक्षेत नापास झालेला, नांदेडमध्ये शिक्षकी केलेला हा माणूस. 'रिचर्डसची कलामीमांसा' हे त्या पुस्तकाचे नाव. परीक्षेच्या हिशेबाने पाहिले तर कुरुंदकरांनाही 'झेपत नव्हते'. तो हिशेब मराठवाड्याने मान्य केला असता तर मराठी समीक्षेचे केवढे नुकसान झाले असते, याचा विचार आक्षेपकांनी शांतपणे करावा.

कुरुंदकर हा अपवाद, असे उत्तर येईल. येतेच. म्हणून एका माणसाला सोडून संस्थेकडे पाहू.

निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. त्यानंतर दोन वर्षेही झाली नव्हती तोच, जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालयाचे नाव मिलिंद झाले आणि परिसराचे नागसेनवन. ही नावे ठेवणाऱ्याच्या मनात काय असेल हे समजायला 'मिलिंद पञ्ह' हा पाली ग्रंथ आठवावा लागतो. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा, नागसेन हा भिक्षू, आणि ग्रंथ म्हणजे राजाचे प्रश्न व भिक्षूची उत्तरे. त्यातला एक प्रसंग फार मोलाचा आहे. राजा म्हणतो, माझ्याशी चर्चा करा. नागसेन उलट विचारतो की चर्चा पंडितांसारखी करणार की राजांसारखी? पंडितांच्या चर्चेत मुद्द्याची गाठ घातली जाते, सोडवली जाते, चूक दाखवली जाते, ती मान्यही होते आणि कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत एक जण मत मांडतो आणि न पटणाऱ्याला शिक्षा होते. मिलिंद पंडितांची रीत पत्करतो, मग बोलणे सुरू होते.

ज्यांच्या आईबापांना शाळेच्या उंबऱ्याआत येऊ दिले नव्हते, त्या मुलांसाठी काढलेल्या महाविद्यालयाला हे नाव दिले गेले. पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्याकडून काय अपेक्षा ठेवायची, याचे याहून स्पष्ट उत्तर दुसरे कोणते असेल? राजालाही प्रश्नोत्तराच्या जमिनीवर उतरवणारी रीत त्या मुलांना येईल, असा तो विश्वास होता.

आणि ती आली. अमेरिकेत शिकून परतलेले म. ना. वानखेडे या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तिथेच मराठी शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' सुरू केले आणि पुढे जवळजवळ पाच दशके ते चालवले. या नियतकालिकाने कविता-कथा छापल्या हे सर्वांना ठाऊक असते. तेवढेच महत्त्वाचे हे की त्याने समीक्षा छापली, परिसंवाद छापले, मतभेद छापले. प्रस्थापित मराठी साहित्यात माणूस म्हणून कोण दिसतो आणि कोण दिसतच नाही, हे पाने उलटून दाखवणारी माणसे या शहरात तयार झाली. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात त्यांच्याआधी कोणी पुस्तक उघडलेले नव्हते. दलित साहित्य म्हणून जे आज देशभर शिकवले जाते, त्याच्या वैचारिक मांडणीचा मोठा भाग चिकित्सक वाचनातून उभा राहिला आहे. हे गुलमंडीपासून फार दूर घडलेले नाही. तरीही याच शहरात उभे राहून 'पोरांना झेपत नाही' म्हणायचे, याला धाडस लागते.

इथे एक जुना वाद आठवतो. बोलीत बोलणाऱ्या मुलाला आधी प्रमाण मराठी शिकवा, मग पुढचे बघू, असे एकेकाळी ठासून सांगितले जाई. त्या 'मग'ची वेळ कधीच येत नसे. मुलगा तीन वर्षे शुद्धलेखनाच्या तांबड्या रेघा मोजत बसायचा आणि त्याला काय म्हणायचे होते ते कोणी विचारायचेच नाही. आजचा 'आधी नीट वाचता येऊ द्या, मग विश्लेषण' हा युक्तिवाद त्याच कुळातला. वाचता येणे आणि प्रश्न विचारणे या एकामागून एक चढायच्या पायऱ्या नाहीत. प्रश्न पडतो म्हणून माणूस ओळ दुसऱ्यांदा वाचतो, आणि दुसऱ्यांदा वाचतो म्हणून त्याचे वाचन सुधारते.

शिवाय ज्यांना झेपत नाही म्हणतात त्यांनाच त्याची गरज सर्वांत जास्त आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या केंद्रीय नियमांत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीने नुकसान झाले, तर ७२ तासांच्या आत कळवावे, असे आहे. वाक्य साधे दिसते. पण तास कधीपासून मोजायचे, कळवायचे कोणाला, कळवल्याचा पुरावा काय, आणि कोणते नुकसान या कलमात बसते व कोणते बसत नाही, हे त्या मजकुरातून काढता आले पाहिजे. वैजापूरच्या शेतकऱ्याच्या घरात हा कागद वाचणारे माणूस कोण असते? बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. तिला तीन वर्षे फक्त दुसऱ्याची उत्तरे पाठ करायला लावली, तर बाप तिच्यासमोर कागद धरेल तेव्हा ती काय करील? रसग्रहणाला नोकरीत भाव नाही म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

कवितेचा रस जातो, हा आक्षेप राहिला. तो मनापासून घेतला जातो, म्हणून एक कविता जवळून पाहू.

पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले, ते कंपनी सरकारच्या फौजेतला चित्रकार रॉबर्ट गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांच्यावर. त्यावर २०१२ मध्ये चित्रपटही आला, त्यामुळे कथा मुलांना माहीत असते. 'निसर्ग आणि प्रेम यांचे उत्कट काव्य' एवढे नोट्समधून उचलून लिहिले की गुण मिळतात, विषय संपतो. आता सोयगावकडची एखादी मुलगी विचारते असे समजा : गिलने चित्रे काढली, महानोरांनी कविता लिहिली, पारोने काय लिहिले? या एका प्रश्नाने सगळा वर्ग जागा होतो. गिल १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आला. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. अजिंठा गावात पारोची कबर आहे, तिच्यावर मृत्यूची तारीख २३ मे १८५६ अशी आहे, आणि लेख इंग्रजीत आहे. म्हणजे पारोबद्दलचा दगडावरचा शब्दही तिच्या भाषेतला नाही. मग काव्यातली पारो कुठून आली? तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कवीने कसा मिळवला? रानाची, पावसाची, अंगणाची जी भाषा महानोरांच्या हाती होती तिच्या बळावर मिळवला का? की तिथेही ती गिलच्याच नजरेतून दिसते? हे प्रश्न घेऊन मुलगी काव्याकडे परत जाईल तेव्हा प्रत्येक ओळ कान देऊन वाचील. तिच्या वाट्याला रस कमी येईल म्हणणाऱ्यांनी तो मोजला कशाने?

आता करायचे काय? त्याला नवी समिती लागत नाही. आठवड्यात एक तास, एक पान मजकूर, लेखकाचे नाव झाकलेले. कधी कविता, कधी अग्रलेख, कधी विम्याचा कागद. मुलांनी अर्धे पान लिहायचे : यात काय म्हटले आहे, कसे म्हटले आहे, कोणत्या ओळीशी आपले जमत नाही आणि का. शिक्षकाने त्यावर गुणांऐवजी एक प्रश्न लिहून परत द्यायचा. परीक्षेत निदान वीस गुणांचा उतारा असा असावा, जो वर्गात शिकवलेला नाही आणि कोणत्याही गाईडात सापडणार नाही.

यात खरी अडचण एकच आहे आणि ती मुलांची नाही. मराठीच्या कितीतरी जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचा शिक्षक एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावतो, आणि ऐंशी वह्यांवर ऐंशी प्रश्न लिहायला त्याला वेळही नसतो, त्याचे पैसेही मिळत नाहीत. आक्षेपकांनी आपले वजन या बाजूला टाकले असते तर त्यांच्याशी भांडायचे कारणच उरले नसते.

तोवर मराठीच्या प्राध्यापकांना एवढीच विनंती. येत्या सत्रात एक कविता कवीचे नाव झाकून वर्गात वाटा, पहिली दहा मिनिटे स्वतः काही बोलू नका, आणि मुले काय लिहितात ते वाचा.