रक्त खराब कुणाचं?

डॉक्टर शपथ घेतो, आपण नाडी त्याच्या हातात देतो. पण शपथ पाळली का, हे बघतो कोण?

अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ पासून सरकारी डॉक्टरांनी ६०० काळे पुरुष जमवले. ३९९ जणांना गरमी. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त खराब आहे. फुकट जेवण, फुकट तपासणी, मेल्यावर मातीचा खर्च. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, त्यालाही उपचार म्हटलं. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हे गरमीवरचं हुकमी औषध ठरलं. ह्यांना दिलं नाही. रोग माणूस कसा खातो, ते मढं फाडून बघायचं होतं.

त्याच १९४७ साली न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांना सजा झाली. संमतीशिवाय प्रयोग नाही, असा नियम झाला. १९४८ ला जिनिव्हाची शपथ आली : वंश, धर्म आड येऊ देणार नाही. टस्कीगीत मढी मोजणं चालूच.

१९७२ ला पीटर बक्स्टननं पत्रकाराकडं बिंग फोडलं, तवा थांबलं. हा डॉक्टर नव्हता. शपथ त्यानं घेतलेलीच नव्हती. आपली पँथर जन्मली तेच साल.

दोस्तहो, शपथ घेणाऱ्याच्या भरवशावर शपथ सोडू नका. अंगठा मागितला की कागद मागा. वस्तीत ज्याला वाचता येतं त्यानं तो मोठ्यानं वाचावा. ही आपली शपथ.