माशांच्या घराची जमीन

फिश टँक घ्यायला दुकानात गेलो की नजर आधी माशांकडे जाते, मग दिव्याकडे आणि सर्वांत शेवटी तळाशी टाकायच्या खड्यांकडे. दुकानदार विचारतो, "निळे देऊ की गुलाबी?" मुलं रंग सांगून मोकळी होतात. आमच्याकडेही असंच झालं. धाकट्याने सुपारीएवढे निळे खडे पसंत केले. यात काय चुकलं, हे कळेपर्यंत आमचे पाच मासे गेले.

टाकीत आठ गप्पी होते. खडे मोठे, त्यामुळे खाण्याचे दाणे फटींतून खाली जायचे आणि तिथेच कुजायचे. दोन महिन्यांत तळाशी तपकिरी गाळ साचला. घरात कुठे घाण दिसली की आपल्याला चैन पडत नाही. एका रविवारी आम्ही सगळे कामाला लागलो. मासे बादलीत काढले, खडे नळाखाली चोळून चोळून धुतले, फिल्टरचा स्पंज पिळून काढला, सगळं पाणी बदललं. टाकी आरशासारखी लख्ख झाली. बुधवारपर्यंत पाच मासे मेले होते.

धाकटा रडवेला होऊन म्हणाला, "पण आपण तर साफ केलं होतं ना?" शाळेत रोज मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे आम्ही, त्या दिवशी गप्प राहिलो.

उत्तर शाळेतल्या विज्ञानाच्या आपांनी दिलं. माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. आम्ही ती एका सकाळी नळाखाली धुऊन टाकली होती. वर नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरीन. म्हणजे तळाचा थर ही नुसती शोभा नव्हे. माशांच्या घराची ती जमीन आहे.

उरलेल्या तीन माशांसाठी आम्ही नव्याने तळ निवडला. या वेळी रंग न पाहता.

पहिली गोष्ट आकार. दोन ते चार मिलिमीटरची, गोल कडांची नदीची खडी बहुतेक लहान माशांना चालते. अन्न वरच राहतं आणि पाणीही खेळतं. तळाशी चरणारे कोरीडोरास पाळायचे असतील तर बारीक, गुळगुळीत वाळू हवी. धारदार खड्यांनी त्यांच्या नाजूक मिशा झिजतात. गोल्डफिश खडे तोंडात घेऊन चाळतो. त्याच्यासाठी एक तर बारीक वाळू, नाहीतर तोंडात मावणारच नाहीत असे मोठे गोटे. मधल्या मापाचा खडा तोंडात अडकू शकतो.

दुसरी गोष्ट जात. थोरली समुद्रावरून शिंपल्यांची वाळू घेऊन आली होती. आम्ही ती धुऊन, वाळवून वाटीत घेतली आणि वर चमचाभर सिरका टाकला. बारीक बुडबुडे आले. बुडबुडे म्हणजे चुना. शिंपले, प्रवाळ, संगमरवराचे तुकडे हळूहळू विरघळतात आणि पाणी जड व क्षारीय करतात. मऊ पाण्यातल्या निऑन टेट्रासारख्या माशांना हे मानवत नाही. गप्पी आणि मॉलीला जड पाणी चालतं. म्हणून आधी मासा ठरवावा, मग तळ. आमची नदीची खडी सिरक्यात शांत राहिली. तीच घेतली.

तिसरी गोष्ट जाडी. चार-पाच सेंटिमीटर थर पुरतो. मागे थोडा उंच, पुढे उतरता. झाडं लावायची असतील तर थोडा जास्त. झाडं नसताना बारीक वाळूचा जाड थर दिला तर खाली हवा पोहोचत नाही आणि ढवळल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो. हिशोब सोपा आहे: 60 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद टाकीत 5 सेंमी थर म्हणजे 9 लिटर, साधारण 13-14 किलो खडी.

नवी खडी टाकीत घालण्याआधी पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. साबण मात्र अजिबात नको. नंतर ती कधीही पूर्ण बाहेर काढू नये. आठवड्याला नळीने अर्ध्या भागातला गाळ ओढून घ्यावा, पुढच्या आठवड्यात उरलेला अर्धा. पाणी चौथा हिस्साच बदलावं आणि नवं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवावं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

गेल्या रविवारी दादी म्हणाल्या, "अरे, एकदाच काय ते सगळं धुऊन टाका की." धाकट्याने नळी हातातून सोडली नाही. म्हणाला, "नाही दादी, आज डावीकडचंच. उजवीकडचे आपलं काम करतायत."

तीन गप्पींचे आता अकरा झाले आहेत. निळे खडे कुंडीत घातले.