'अनफिट' हा शेवटचा शब्द नव्हे!

एसएसबीची पाच दिवसांची कसोटी पार केलेला आमचा तरुण वैद्यकीय तपासणीत 'अनफिट' ठरतो. तो कागद खिशात घालून गावी परततो, चार लोकांत मान खाली घालून फिरतो आणि काही महिन्यांनी कुणीतरी सांगितले म्हणून आम्हा वकिलांकडे येतो. आमचा पहिला प्रश्न असतो, 'अपील केले होते का?' उत्तर बहुधा 'नाही' असे येते. तोवर मुदत निघून गेलेली असते.

लष्कर आणि आमचा समाज यांचे नाते जुने आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सैन्यात सुभेदार होते. त्याच समाजाची भरती इंग्रज सरकारने १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'च्या खुळापायी बंद केली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, ती अनेक वर्षांच्या मागणीनंतर. तेव्हा जात पाहून दार बंद होत असे. आज अधिकारी भरतीत तसे होत नाही, पण तेथे आरक्षणही नाही. एनडीए, सीडीएसच्या अर्जाचे शुल्क अनुसूचित जाती-जमातींना माफ आहे, एवढेच. पुढची सारी वाट नियम जाणून चालायची आहे. ज्यांच्या घरात कर्नल-ब्रिगेडियर आहेत, त्यांच्या मुलांना हे नियम जेवताना कळतात. आमच्या मुलांना कोण सांगणार?

म्हणून स्पष्ट सांगतो. मुलाखतीत निवड झाल्यावर विशेष वैद्यकीय मंडळ तपासणी करते. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, डोळे, कान, दात, हाडे असे सारे पाहिले जाते. दोष दिसल्यास 'तात्पुरता अनफिट' किंवा 'कायम अनफिट' असा शेरा मिळतो. दोन्ही शेऱ्यांविरुद्ध ४२ दिवसांच्या आत अपील वैद्यकीय मंडळापुढे जाता येते. मंडळाचे अध्यक्ष ही माहिती देतात. पण 'अनफिट' हा शब्द कानावर पडलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला पुढचे ऐकूच येत नाही! अपिलातही निकाल विरोधात गेला, तर पुनर्विलोकन मंडळाची मागणी करता येते. मात्र तो हक्क नव्हे. सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेचे महासंचालक गुणवत्तेवर परवानगी देतात आणि ती तपासणी दिल्ली किंवा पुण्यात होते.

त्यानंतर घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालय आहेच. पण न्यायालय डॉक्टरांच्या खुर्चीत बसत नाही, आणि हातातली अपिलाची वाट न वापरता आलेल्याला विचारते, 'आजवर काय केलेत?' या प्रश्नाला आमच्याकडेही उत्तर नसते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आधीची तयारी. कानातला मळ, नाकाचे वाकडे हाड, हायड्रोसील, मूळव्याध, व्हेरिकोसील, टॉन्सिल, कमी-जास्त वजन यांची तपासणी आधीच करून घ्या, असे यूपीएससीच्या जाहिरातीतच छापलेले असते. यातले बहुतेक दोष जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही दूर होऊ शकतात. रंगांधळेपणा मात्र दुरुस्त होत नाही. तो बारावीआधीच तपासला, तर पोराची उमेदीची वर्षे वाचतील.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या वस्तीत सांगणे भाग आहे. कायमचे गोंदण फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि तळहाताच्या मागच्या बाजूस चालते. आदिवासींच्या पारंपरिक गोंदणाचा विचार वेगळा होतो. छातीवर, दंडावर, मानेवर 'जयभीम' गोंदवणाऱ्या तरुणाचे प्रेम आम्ही जाणतो. पण त्याच शाईने त्याच्या खांद्यावरचे तारे पुसले जाणार असतील, तर ते प्रेम बाबासाहेबांना आवडले असते काय?

छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते. तिथवर आमची किती मुले पोचतात? गावोगावच्या निवृत्त सैनिकांनी रविवारी विहारात तासभर बसावे, जाहिरात वाचून दाखवावी, नियम समजावून सांगावेत. आम्ही वकील अपिलाचा अर्ज फुकट लिहून देऊ. पण बेचाळिसाव्या दिवसाच्या आत या. त्रेचाळिसाव्या दिवशी आमच्याकडे फक्त सहानुभूती उरते, आणि सहानुभूतीवर कमिशन मिळत नाही.