भाडेकरूचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नसतं

परवा पेठेतल्या एका वाड्याची जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरत होती. मोक्याची जागा, रस्त्यालगत, जुनं बांधकाम पाडून मिळेल. वाड्याबद्दल अवाक्षर नाही, सगळं जागेबद्दल. वाचताना मला लंडनचं एक घर आठवलं.

१०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत होते. १९२० साली ते शिक्षण पुरं करायला दुसऱ्यांदा लंडनला गेले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून पाच हजारांचं कर्ज घेऊन. असा विद्यार्थी तिथे राहू शकत होता, कारण प्रिमरोज हिल तेव्हा आजचं नव्हतं. शेजारून यूस्टनला जाणारी रेल्वे, वाफेच्या इंजिनांचा धूर, काजळी, आणि मोठमोठ्या घरांत पाडलेल्या भाड्याच्या खोल्या. १९६० च्या दशकात गाड्या विजेवर आल्या, धूर गेला. मग लेखक-कलावंत आले, मग नट-नट्या, मग नुसतेच पैसेवाले.

२०१४ मध्ये हे घर विक्रीला निघालं. तिथल्या आंबेडकरी संघटनांनी आपल्या सरकारकडे पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते सुमारे ३१ लाख पौंडांना घेतलं. नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. हे सगळ्यांना माहीत आहे, फोटो आपणच छापले.

पुढचं कमी लोकांनी वाचलं. काही शेजाऱ्यांनी गर्दी-गोंगाटाची तक्रार केली. राहत्या घराचं स्मारक करायला लागणारी परवानगीच नव्हती. ती मागितली तेव्हा कॅम्डेन कौन्सिलने २०१८ मध्ये नाकारली, म्हणे राहण्याचं एक घर कमी होतंय. अपील झालं, २०१९ मध्ये सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली.

खरं सांगतो, कौन्सिलचं मला अगदीच चूक वाटत नाही. घरं कमी पडणाऱ्या शहरात एकेक घर मोजलंच पाहिजे. आणि 'आधी करा, मग नियमित करून घ्या' ही आपल्या नगरपालिकेतली रीत आपण थेट लंडनला नेली, हेही कबूल करू. पण कर्ज काढून शिकायला आलेलं पोर आज त्या रस्त्यावर खोली घेऊ शकेल का? ते शेवटचं कधी घेऊ शकलं, याची नोंद कोण ठेवतं?

वाचलं काय, तर भिंतीवरच्या निळ्या पाटीमुळे. बाबासाहेब त्या घराचे मालक नव्हते. खरेदीखतात, कराच्या पावतीत त्यांचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. पाटीने भाडेकरूचं नाव लिहून ठेवलं होतं, म्हणून घर बाजारात येताच लोक जागे झाले.

आता आपल्या वाड्याकडे येतो. प्रॉपर्टी कार्ड काढून पाहिलं. तीन पिढ्यांचे मालक, वारस नोंदी, एक बोजा, तोही कमी झालेला. पण माडीवरच्या खोल्यांत खेड्यापाड्यांतून आलेली मुलं राहायची, स्टोव्हवर भात शिजवून कॉलेज करायची, याची एक ओळ नाही. असणारही नाही. त्यांतले काही पुढे मास्तर झाले, एक माझे गुरुजी. मुलं कुठल्या जातीची होती आणि कुणाला खोली मिळत नव्हती, तेही लिहायला हवं. वाडा होता म्हणून तो सगळा सोन्याचाच होता, असं मी म्हणणार नाही.

मालकांना विकायचंय. त्यांचा हक्क आहे, आणि गळकं छप्पर सांभाळायला पैसे लागतात, ते आपण कुणी देत नाही. शासन येऊन हा वाडा घेईल असल्या भ्रमातही मी नाही.

पण तिथे कुणी राहिलं असेल, कुणाचे वडील, काका राहिले असतील, तर जुने फोटो, पत्रं, भाड्याच्या पावत्या, काहीही असेल ते पाठवा. नावं आणि सालं कमेंटमध्ये लिहिलीत तरी चालेल. इसार अजून झालेला नाही, असं कळतंय.