कुटुंबवैद्याची कसोटी

मुंबई-आग्रा महामार्ग नाशिक शहराला छेदून जातो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत राबणारे अनेक जण घरापासून दूर असतात. त्यामुळे एचआयव्ही हा ट्रकचालकांचा आणि परगावच्या मजुरांचा आजार, अशी सोयीची समजूत सुशिक्षित घरांनी करून घेतली. विषाणू मात्र दारावरची पाटी वाचून आत शिरत नाही.

महिनाभर न हटणारा ताप, घटत जाणारे वजन, ऐन तारुण्यात उठलेली नागीण, क्षयरोग अशा तक्रारी घेऊन रुग्ण प्रथम जातो तो नेहमीच्या डॉक्टरांकडे. तेथेच तपासणीचा विषय निघाला नाही, तर उपचारांची मोलाची वर्षे वाया जातात. डॉक्टरांनाही संकोच असतो. ज्याला लहानपणापासून औषध दिले, त्याला हे विचारावे कसे? रुग्णाची भीती वेगळीच. आईचेही डॉक्टर हेच. बातमी घरी गेली तर?

या भीतीला उत्तर कायद्यात आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार रुग्णाला समजावून त्याची संमती घेतल्याविना चाचणी करता येत नाही. तपासणीपूर्वी व नंतर समुपदेशन आणि निष्कर्षाची गुप्तता आवश्यक आहे. जोडीदाराला धोका असेल, तर रुग्णाने स्वतः सांगावे म्हणून डॉक्टरांनी त्याचे मन वळवायचे; तो सांगणारच नाही असे दिसल्यास, त्याला पूर्वकल्पना देऊनच जोडीदाराला सांगण्याची मुभा आहे. सासू-सासरे, शेजारी यांना तो अधिकार नाही.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. नवा संसर्ग पहिल्या काही आठवड्यांत चाचणीत दिसेलच असे नाही. एकाच झटपट चाचणीवर निदान पक्के होत नाही, हे शांतपणे सांगणे म्हणजे समुपदेशन. १ एप्रिल २००४ पासून शासन मोफत देऊ लागलेली औषधे नियमित घेतल्यास रुग्ण दीर्घायुष्य जगतो. विषाणू पूर्ण दबलेला राहिल्यास लैंगिक संबंधातून लागण होत नाही. बाळालाही बहुतांशी वाचवता येते. हा दिलासा परिचित आवाजातून मिळाला, तर मनाला लवकर पटतो.

महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच नाशकात आहे. येथील डॉक्टरांनी दार लावून घेऊन, न कचरता प्रश्न विचारावा. आणि कुटुंबाने? मुलगा डॉक्टरांकडून परतल्यावर ‘काय निघाले’ म्हणून त्यांना परस्पर दूरध्वनी करू नये. विश्वास जपण्याची जबाबदारी दोघांचीही आहे.