घरांतील संग्रह : ट्रंकेंतला हातगोळा

गेल्या खंडेनवमीस लातुरास एका आप्तांकडे गेलों होतों. पूजेसाठीं पाटावर जुनी तलवार, विळी, अडकित्ता, धाकट्याचा पाना अशीं सारीं आयुधें मांडलेलीं होतीं. त्यांतच डाळिंबाएवढा एक ओतीव लोखंडाचा गोळा होता. अर्धा गंजलेला, अर्धा काचकागदानें घासून चकाकणारा. घरांतील आजींचे सासरे दुसऱ्या महायुद्धांत सैन्यांत कारकून होते. त्यांच्या ट्रंकेंतून तो निघाला होता. "रिकामा आहे," असें सर्वांनीं ऐकलेलें होतें. उघडून पाहिलेलें मात्र कोणींच नव्हतें. कॉलेजांत जाणारा नातू त्यास हिरवा रंग देऊन कांचेच्या कपाटांत ठेवणार होता.

वाचकहो, हा गोळा म्हणजे इंग्रजी सैन्याचा ३६ नंबरचा मिल्स बाँब. बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांनीं १९१५ सालीं त्याचा मूळ नमुना प्रचारांत आणला. वजन सुमारें पाऊण किलो. पिन काढून तरफ सुटली कीं थोड्याच सेकंदांत स्फोट. मेसोपोटेमियाच्या मोहिमेसाठीं त्यास आपल्या परिचयाच्या लाखेचा लेप देऊन तो हवाबंद करीत. हातगोळ्याचें इंग्रजी नांव डाळिंबाच्या फ्रेंच नांवावरून आलें आहे. आपल्याकडेही किल्ल्यांवरून शत्रूवर दारूनें भरलेले हुक्के फेकीत, ते याचेच पूर्वज. आपल्या सैन्यांत हा ३६ नंबर इतका टिकला, कीं त्याची जागा घेणारा नवा हातगोळा नागपुरास लष्कराच्या हवालीं झाला तो २०२१ सालीं!

मीं मुलास विचारलें, "अरे, घासण्यापूर्वीं यावर कांहीं खुणा होत्या काय?"

"होत्या ना, काका. मानेभोवतीं तांबड्या फुल्या आणि मध्यें हिरवा पट्टा. अर्ध्या बाजूच्या अजून आहेत, पाहा."

माझ्या पोटांत धस्स झालें. तांबड्या फुल्या ही कवचांत दारू भरलेली असल्याची खूण आणि हिरवा पट्टा ही त्या दारूच्या प्रकाराची! गोळ्यास कोणीं हात लावूं नये असें सांगून सर्वांस वाड्याबाहेर काढलें आणि ११२ क्रमांकावर पोलिसांस कळविलें. आजी अंगणांत येऊन म्हणाल्या, "साठ वर्षें मी त्याच ट्रंकेवर बसून तांदूळ निवडले कीं हो!"

बाँबशोधक पथकानें गोळा नेला. पुढें तपासणींत आंतील दारू पूर्वींच काढलेली असल्याचें निष्पन्न झालें. म्हणजे घरची दंतकथा खरी ठरली. पण ती खोटी ठरली असती तर? खूण पाहून गोळा भरलेला ठरत नाहीं, तसाच ऐकीव गोष्टीवरून तो रिकामाही ठरत नाहीं. तें ठरविणें हें जाणत्यांचेंच काम. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमांतील दारूगोळा या संज्ञेंत हातगोळाही येतो. म्हणून रिकाम्या कवचाविषयींही पोलिसांस लेखी कळवून मगच तें घरीं ठेवण्याचा विचार करावा.

आतां रंगाविषयीं. जुन्या वस्तूवरचा रंग, शिक्के आणि आंकडे हीच तिची जन्मपत्रिका होय. ती घासून टाकली म्हणजे वस्तु नवी होत नाहीं, मुकी होते. निर्धोक ठरलेल्या जुन्या लोखंडी वस्तूचें प्रथम चारी बाजूंनीं छायाचित्र घ्यावें, वजन व खुणा वहींत टिपाव्या. सुटा गंज तेवढा मऊ कुंचल्यानें कोरडाच झाडावा. चिंच, लिंबू, काचकागद यांस दूर ठेवावें. शेवटीं मेणाचा पातळ हात देऊन दमट हवेपासून जपावें. नांदेडच्या हजूरसाहिब गुरुद्वारांत दिवाळीच्या सुमारास गोदावरीचें पाणी आणून तख्तस्नान होतें व गुरु गोविंदसिंगजींचीं शस्त्रें स्वच्छ करण्यांत येतात. स्वच्छता ही तेथें सेवा आहे. आपल्या घरच्या लहानशा ठेव्याविषयींही तीच भावना असावी.

मुलाची रंगाची हौस मात्र वायां गेली नाहीं. त्यानें काताऱ्याकडून त्याच मापाचा लांकडी गोळा करून घेतला आणि स्वतः खोडलेल्या फुल्या व पट्टा आठवून आठवून त्यावर रंगविला. खरा गोळा अद्याप पोलिसांकडेच आहे. परत मिळेल अथवा न मिळेल. कपाटांत त्या लांकडी प्रतीशेजारीं आजींच्या सासऱ्यांचें छायाचित्र ठेवलें आहे आणि खालीं मुलाच्या हातची चिठ्ठी आहे : "मूळ खुणा मीं घासून टाकल्या. ही त्यांची नक्कल."

ही चिठ्ठी मला त्या संग्रहांतील सर्वांत मोलाची वस्तु वाटते.