माग फक्त शेतकऱ्याचाच?

अन्नसुरक्षेच्या नावाने द्राक्ष बागाईतदारांसाठी जी प्रशिक्षणे भरतात, त्यांच्या अखेरीस बहुधा अभिप्रायाचा एक कागद हाती दिला जातो. माहिती उपयुक्त वाटली काय? भाषा समजली काय? प्रश्नापुढे खूण करावयाची आणि चहा घेऊन घरी जावयाचे. शेतकऱ्याचे खरे म्हणणे मावेल असा रकाना त्या कागदावर नसतो.

फवारणीची वही ठेवा, औषधांच्या पावत्या जपा, शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरलेले अंतर राखा, ही शिकवण चुकीची नाही. निर्विष अन्न हा खाणाऱ्याचा हक्कच आहे, मग तो रॉटरडॅमचा असो वा धारावीचा. प्रश्न आहे तो या शिस्तीचा चाबूक कोणाच्या हाती आणि पाठ कोणाची, हा.

युरोपीय संघाच्या २००२ च्या अन्नविषयक कायद्याने मालाचा माग ठेवणे २००५ पासून बंधनकारक झाले. त्यापाठोपाठ ‘अपेडा’ने द्राक्षांसाठी ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभारली. परदेशातील पेटीवरून थेट नाशिक-सांगलीकडील बागेपर्यंत पोहोचता येऊ लागले. पण २०१० साली काय घडले? क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागाईतदारांच्या तोंडचे ‘सीसीसी’, हे वाढ रोखणारे संजीवक युरोपच्या किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि माल अडला. हे रसायन उघड बाजारात विकले जात होते. खरड छाटणीनंतर वेलींना ते देण्याची रीत जुनीच होती. आणि निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होई, त्या यादीत त्याचे नावच नव्हते! यादी करणारे नामानिराळे राहिले, विकणारेही राहिले. तोटा मात्र साखळीतून घरंगळत बांधावर येऊन थांबला. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय?

साखळीतून माग काढता येतो तो अवशेषांचा. तीच पेटी परदेशात कोणत्या भावाने विकली गेली, मधल्या कोणी किती घेतले, याचा माग शेतकऱ्याला का काढता येऊ नये? परदेशी मर्यादा बदलली तर ती छाटणीपूर्वी मराठीत गावात का पोहोचू नये? तपासणीची यादी ठरविणाऱ्यांत बागाईतदारांचे निवडून दिलेले प्रतिनिधी का नसावेत?

आणखी एका माणसाचा या साऱ्यात कोणालाच पत्ता नाही. वही मालक लिहितो, पंप मात्र पुष्कळदा पेठ-सुरगाण्याहून आलेल्या आदिवासी मजुराच्या हाती असतो. विष पहिल्याने त्याच्या अंगावर उडते. प्रशिक्षणाला त्याला बोलावणे नाही, कारण त्या दिवशी त्याची मजुरी कोण भरणार? (ज्यांना युरोपच्या ग्राहकाची एवढी काळजी, त्यांनी हा प्रश्न एकदा तरी विचारावा.) ती मजुरी निर्यातीच्या नफ्यातून भरली गेली पाहिजे, आणि या मागणीत बड्या बागाईतदाराची नाराजी ओढवली तरी पक्षाने कचरू नये.

येत्या खरड छाटणीपूर्वी कार्यकर्त्यांनी या प्रशिक्षणांना मजुरांसह हजर राहावे, अभिप्रायाच्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर हे प्रश्न ज्याचे त्याच्या शब्दांत लिहून द्यावेत आणि अधिकाऱ्याची सही-शिक्क्याची पोच घेतल्याखेरीज सभागृहातून उठू नये.